‘जैविक बुरशीनाशक’ : एका संज्ञेची चिकित्सा

कृषिविषयक मराठी लेखनात ‘जैविक बुरशीनाशक’ ही संज्ञा आता चांगलीच रुळली आहे. ती सुटसुटीत आहे. परंतु तिने ज्या वस्तूंचा बोध होतो त्या एका जातीच्या नाहीत. शास्त्रीय संज्ञेने भेद दाखवावयाचा असतो. ही संज्ञा तो झाकते.

प्रथम ‘जैविक’ हे विशेषण पाहावे. स्यूडोमोनास फ्लुरेसन्स हा जिवाणू पिकाच्या मुळांच्या सान्निध्यात वाढतो व त्याचे काही वाण बुरशीविरोधी संयुगे तेथेच निर्माण करतात. येथे शेतकऱ्याच्या हाती पडतो तो सजीव. याउलट, जपानात १९५८ साली प्रसिद्ध झालेले व भातावरील करपा रोगासाठी वापरले गेलेले ब्लास्टिसिडिन-एस हे जिवाणूपासून वेगळे काढलेले संयुग होय. सजीव संवर्धन उन्हाने मरते, अनुकूल जमिनीत वाढते. संयुग जेवढे फवारावे तेवढेच राहते. शिवाय लोकव्यवहारात ‘जैविक’ या शब्दास ‘निरुपद्रवी’ असा अर्थ चिकटला आहे. ब्लास्टिसिडिन-एस मात्र डोळ्यांना दाहक व सस्तन प्राण्यांना विषारी आहे. उगम जैविक असला म्हणून त्याची विषारिता उणावत नाही.

‘नाशक’ या उत्तरपदाचीही तीच गत आहे. पिंपरी येथील हिंदुस्तान अँटिबायॉटिक्सने विकसित केलेले ऑरिओफंगिन हे पॉलिईन वर्गातील संयुग आहे. या वर्गातील संयुगे बुरशीच्या पेशीपटलातील एर्गोस्टेरॉलशी संयोग पावतात, पटल गळू लागते व पेशी मरते. तेथे ‘नाशक’ हे पद सार्थ होय. भातावरील पर्णकोष करप्यासाठी वापरावयाच्या व्हॅलिडामायसिनचे कार्य निराळे आहे. ते ट्रेहॅलोज शर्करेचे विघटन करणाऱ्या विकरास रोखते. बुरशीच्या तंतूंना वेड्यावाकड्या शाखा फुटतात व तिचा फैलाव थांबतो. बुरशी मरतेच असे नाही. ‘नाशक’ वाचून जो रोग संपला असे मानील, तो शेताची पुन्हा पाहणी कशाला करील?

वेष्टनावर जागा थोडी असते, म्हणून लहान शब्दच बरा, असा आक्षेप घेता येईल. तथापि नेमकेपणासाठी शब्द फार लांबवावा लागत नाही. सजीवासाठी ‘बुरशीविरोधी जिवाणू-संवर्धन’, मारणाऱ्या संयुगासाठी ‘जिवाणूजन्य बुरशीनाशक’ आणि वाढ रोखणाऱ्यासाठी ‘जिवाणूजन्य बुरशीरोधक’ अशी त्रयी सहज योजता येते. ‘जन्य’ उगम सांगतो. ‘नाशक’ व ‘रोधक’ कार्य सांगतात. हे घटक मराठीत नवे नाहीत. केवळ ते जागच्या जागी वापरावयाचे आहेत. सावलीत काय ठेवावे, फवारताना डोळे कशापासून जपावे आणि पुन्हा शेतात केव्हा जावे, हे ज्याला ठरवावयाचे असते, त्याच्यासाठी संज्ञेची ही शिस्त केवळ भाषाशास्त्राचा प्रश्न उरत नाही.