लीला नायडू : सौंदर्याआड राहिलेली अभिनेत्री

लीला नायडू यांचे २८ जुलै २००९ रोजी मुंबईत निधन झाले. त्यानंतर जे मृत्युलेख प्रसिद्ध झाले, त्यांत एक उल्लेख वारंवार आढळला. ‘व्होग’ या नियतकालिकाने एके काळी जगातील दहा सुंदर स्त्रियांत त्यांची गणना केली होती आणि त्या यादीत जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवींचेही नाव होते. योगायोग असा की, गायत्रीदेवीही दुसऱ्याच दिवशी, २९ जुलै रोजी, निवर्तल्या. दोन सुंदर स्त्रिया चोवीस तासांच्या अंतराने गेल्या, एवढीच हळहळ त्या आठवड्यात ऐकू आली. लीलाबाईंनी कोणत्या भूमिका केल्या, त्या कशा केल्या, याविषयी फारसे कोणी बोलले नाही.

एखाद्या कलावंताच्या रूपाची स्तुती इतकी व्हावी की त्याच्या कलेकडे पाहायचेच राहून जावे, ही स्तुतीच्या वेषातली उपेक्षा होय. लीला नायडू यांच्या वाट्याला ही उपेक्षा जन्मभर आली. त्यांचे चित्रपट जेमतेम आठ. त्यांपैकी तीन-चार पुन्हा पाहिले असता जे दिसते, ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

त्यांचे वडील डॉ. रामय्या नायडू हे आंध्रातील मदनपल्लीचे. पॅरिसमध्ये मादाम क्यूरी यांच्या प्रयोगशाळेत काम केलेले ते शास्त्रज्ञ होते. आई मार्थ या फ्रेंच, व्यवसायाने पत्रकार. लीलाबाईंचे शालेय शिक्षण जिनिव्हात झाले. थोर फ्रेंच दिग्दर्शक झाँ रेन्वार यांच्याकडून अभिनयाचे पाठ घेण्याची संधीही त्यांना मिळाली. १९५४ साली त्या ‘मिस इंडिया’ झाल्या. पुढे ओबेरॉय हॉटेल-घराण्यात त्यांचा विवाह झाला, जुळ्या मुली झाल्या आणि तो विवाह अल्पावधीत मोडलाही. चित्रपटाच्या पडद्यावर त्या आल्या तेव्हा लोकांना त्यांच्याविषयी दोनच गोष्टी ठाऊक होत्या : त्या फार सुंदर आहेत आणि त्या आपल्यातल्या नाहीत. हिंदी ही त्यांच्या घरातली भाषा नव्हती. हे त्यांचे उणेपण ठरणार, हे उघड होते.

अशा वेळी हृषीकेश मुखर्जी यांनी त्यांना ‘अनुराधा’ (१९६०) या चित्रपटात घेतले आणि भूमिका दिली ती एका खेड्यातल्या डॉक्टरच्या बायकोची. अनुराधा ही रेडिओवर गाणारी नामवंत गायिका. एका ध्येयवादी डॉक्टरवर तिचे प्रेम बसते. वडिलांची इच्छा डावलून ती त्याच्याशी लग्न करते आणि त्याच्याबरोबर खेड्यात जाऊन राहते. डॉ. निर्मल (बलराज साहनी) हा माणूस म्हणून चांगला आहे. तो व्यसनी नाही, दुष्ट नाही. गोरगरिबांसाठी सायकलवरून रानोमाळ फिरतो. परंतु घरी आला की त्याचे डोके पुस्तकात आणि मन रुग्णांत. दहा वर्षांत बायकोचे गाणे कधी थांबले, हे त्याच्या ध्यानातही आलेले नाही.

ही भूमिका रडून-ओरडून करता आली असती. त्या काळच्या प्रेक्षकांना तेच अधिक रुचले असते. लीलाबाई तसे करीत नाहीत. नवऱ्याची वाट पाहत बसलेली बायको त्यांनी जवळजवळ न हालता उभी केली आहे. तो आल्याची चाहूल लागते, चेहरा क्षणभर उजळतो, तो पुन्हा कामाला लागतो आणि तो उजेड हळूच मावळतो. एवढाच अभिनय. पण चित्रपटभर तो पुनःपुन्हा घडतो आणि प्रत्येक वेळी उजेड थोडा कमी होत जातो. ज्यांना या चित्रपटात केवळ सुंदर चेहरा दिसला, त्यांनी त्या चेहऱ्यावर काय चालले आहे ते पाहिले नाही असेच म्हणावे लागेल. पंडित रविशंकरांचे संगीत आणि लता मंगेशकरांचा स्वर यांचा मोठा आधार त्यांना लाभला हे खरे. तथापि गाणे संपल्यानंतरची शांतता ही सर्वस्वी अभिनेत्रीची असते.

चित्रपटाच्या अखेरीस, घर सोडून जाण्याचा निर्णय घेतलेली अनुराधा थांबते. डॉक्टरचे यश पाहायला आलेला एक वयोवृद्ध कर्नल ते यश कोणाच्या त्यागावर उभे आहे हे ओळखतो आणि बोलून दाखवतो. या शेवटाविषयी मतभेद आहेत आणि ते असणारच. काहींना त्यात पत्नीधर्माचा विजय दिसतो, तर काहींना बाईची पुन्हा एकदा झालेली समजूत. आमच्या घरी दूरचित्रवाणीवर हा चित्रपट पाहत असताना माझ्या आईने एकच प्रश्न विचारला होता : “आता तरी तो तिला गायला सांगेल का गं?” आई लग्नापूर्वी आपल्या माहेरच्या चर्चमधील गायकवृंदात गात असे. हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

त्या प्रश्नाचे उत्तर चित्रपट देत नाही. माझ्या मते हेच त्याचे सामर्थ्य आहे. त्यागाला आपल्याकडे मोठा मान आहे, आणि तो असावाही. परंतु ज्याच्यासाठी त्याग केला त्याला तो दिसलाच नाही आणि परक्या पाहुण्याला दिसला, तर त्या घराने स्वतःला काही विचारायला नको काय? ‘अनुराधा’ला त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि १९६१ च्या बर्लिन महोत्सवातही तो स्पर्धेत होता. तिकीट-खिडकीवर मात्र त्याला यश लाभले नाही.

यानंतर लीलाबाईंना मिळालेल्या भूमिकांत ‘ये रास्ते हैं प्यार के’ (१९६३) विशेष गाजली. १९५९ च्या नानावटी प्रकरणाची छाया या चित्रपटावर आहे. नौदलातील एका अधिकाऱ्याने पत्नीच्या प्रियकराला गोळी घातली आणि ज्युरीने त्याला निर्दोष ठरवले, या घटनेने सारी मुंबई ढवळून निघाली होती. पुढे उच्च न्यायालयाने त्याला दोषी धरले आणि सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम केली. चित्रपटाने या विषयाचे चीज केले असे म्हणवत नाही. पती आणि प्रियकर यांच्या अब्रूचा झगडा म्हणूनच तो ही कथा मांडतो. पत्नी नीना स्वतःच्याच आयुष्यातील साक्षीदार होऊन राहते. लीलाबाईंना येथे संवाद आहेत, सुरेख पातळे आहेत, गाणी आहेत. करण्यासारखे मात्र फारसे काही नाही. त्यांचा वावर काहीसा अवघडलेला वाटतो आणि हिंदी उच्चारांतील परकेपणाही खटकतो. समीक्षकाने हेही नमूद केले पाहिजे. भूमिका पोकळ असेल तर ती आपल्या बळावर भरून काढणे त्यांना साधत नसे. मीनाकुमारी किंवा नूतन यांना ते साधे.

त्याच वर्षीचा ‘द हाउसहोल्डर’ याच्या अगदी उलट आहे. दिग्दर्शक जेम्स आयव्हरी आणि निर्माते इस्माईल मर्चंट यांचा हा पहिला कथापट. दिल्लीतील एक तुटपुंज्या पगाराचा शिक्षक प्रेम (शशी कपूर) आणि त्याची नवपरिणीत पत्नी इंदू यांच्या संसाराची ही हलकीफुलकी हकिकत आहे. सासूच्या भूमिकेत आपल्या दुर्गाबाई खोटे आहेत. त्यांनी मुलाच्या संसारात जो गोड धुमाकूळ घातला आहे तो मुळातूनच पाहावा. गोडधोडाची हौस असलेली, रुसून माहेरी जाणारी इंदू लीलाबाईंनी इतकी साधी केली आहे की, ‘व्होग’च्या यादीतील हीच ती स्त्री, हे आठवावे लागते. त्यांना विनोदाचे अंग होते. हिंदी चित्रपटाने त्याचा पुढे उपयोग करून घेतला नाही.

राज कपूर यांनी देऊ केलेल्या भूमिका त्यांनी नाकारल्या. ‘बागी’नंतर (१९६४) हिंदी पडद्यापासून त्या जवळजवळ दूरच झाल्या. साठीच्या दशकाच्या अखेरीस कवी डॉम मोराइस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. डॉम म्हणजे गोव्याच्या कॅथलिक घराण्यातील नामवंत संपादक फ्रँक मोराइस यांचे पुत्र. इंग्रजी कवितेचा हॉथॉर्नडेन पुरस्कार त्यांना ऐन विशीत, १९५८ साली, मिळाला होता. हा संसारही अखेरपर्यंत टिकला नाही. मधल्या काळात लीलाबाईंनी माहितीपट-निर्मिती केली, हाँगकाँगमध्ये चित्रपटांना आवाज दिले, संपादनाचे काम केले. लोक मात्र ‘ती सुंदर नटी हल्ली कोठे असते?’ एवढेच विचारीत राहिले.

आणि मग १९८५ साली श्याम बेनेगल यांचा ‘त्रिकाल’ आला.

आपल्या वाचकांना हा चित्रपट विशेष जवळचा वाटावा. हिंदी चित्रपटांतील ख्रिस्ती माणूस आपल्या चांगला परिचयाचा आहे. ‘अनाडी’तील (१९५९) ललिता पवारांची मिसेस डिसा हा सुखद अपवाद सोडला, तर बाटली हाती घेतलेला मायकल आणि आखूड झग्यातील नाचणारी रोझी याखेरीज आपले चित्र त्या पडद्यावर फारसे उमटले नाही. ‘त्रिकाल’मध्ये एक संपूर्ण कॅथलिक घर, त्याच्या मोठेपणासह आणि त्याच्या पापांसह, गांभीर्याने उभे राहिले. काळ १९६१ चा, गोव्यातील पोर्तुगीज सत्तेचे अखेरचे दिवस. चित्रीकरण लोटली येथील मारियो मिरांडा यांच्या वडिलोपार्जित वाड्यात झाले. घराचा कर्ता पुरुष एर्नेस्तो मरण पावला आहे आणि त्याची विधवा दोना मारिया हे मरण मान्य करावयास तयार नाही. नातीची सोयरीक ठरायची आहे, पाहुणे आले आहेत. पण शोकात बुडालेल्या आजीपुढे सारे अडून राहिले आहे.

दोना मारिया म्हणजे लीला नायडू. वय पंचेचाळिशीच्या आसपास, भूमिका आजीची. काळा पोशाख, ताठ कणा, हळू आवाज. त्यांच्या उच्चारांतील जो परकेपणा पूर्वी दोष वाटे, तोच येथे सत्य होऊन येतो. या घरात पोर्तुगीज वळणाचे बोलणे-चालणे मुरलेले आहे आणि बाहेरच्या देशाशी त्याचे नाते तुटत चालले आहे. दोना मारियाची भाषा अशीच असणार. वीस-पंचवीस वर्षे ज्या स्त्रीला ‘आपल्यातली नाही’ म्हटले गेले, तिला अखेर तिचे घर मिळाले आणि ते एका गोवन कॅथलिक वाड्यात मिळाले.

पतीच्या आत्म्याशी बोलण्यासाठी दोना मारिया मोलकरीण मिलाग्रेनिया (नीना गुप्ता) हिला माध्यम करून प्रेतात्म्यांना बोलावते. मृतांना असे पाचारण करणे ख्रिस्तसभेला संमत नाही, आणि हे प्रसंग पाहताना आपल्यापैकी अनेकांच्या मनाला टोचणी लागेल. पण पाहा : तिला हवा असलेला पती येत नाही. येतात ते या घराण्याने ज्यांच्यावर अन्याय केला ते. बंड केलेला राणे पुढे उभा राहतो आणि आपल्या रक्ताचा हिशेब मागतो. ज्या मिलाग्रेनियाच्या मुखातून हे बोलणे येते, ती स्वतः एर्नेस्तोचीच अनौरस मुलगी आहे. दोना मारियाला पापाची जाणीव नको होती, सांत्वन हवे होते. तिला सांत्वनाआधी सत्य ऐकावे लागते. हे ऐकतानाचा लीलाबाईंचा चेहरा मराठी, हिंदी वा इंग्रजी कोणत्याही पडद्यावरील उत्तम अभिनयाच्या पंक्तीत बसावा असा आहे. भीती, घराण्याचा अभिमान आणि उशिरा आलेली लाज, हे तिन्ही भाव त्यावर एकामागून एक येतात आणि तरीही भुवईदेखील फारशी हालत नाही.

‘अनुराधा’तील स्त्रीकडे कोणी पाहत नाही, ‘त्रिकाल’मधील स्त्री स्वतःच पाहायचे नाकारते. पंचवीस वर्षांच्या अंतरावरील या दोन भूमिका एकत्र ठेवल्या म्हणजे लीला नायडू या अभिनेत्रीचे सामर्थ्य कशात होते ते उमजते. घरातल्या माणसांना न दिसलेली आणि न बोललेली गोष्ट त्या शब्दावाचून दाखवू शकत. ‘त्रिकाल’ला दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यानंतर ‘इलेक्ट्रिक मून’ (१९९२) एवढाच त्यांचा उल्लेखनीय चित्रपट.

त्यांच्या मृत्यूनंतर, २०१० साली, जेरी पिंटो यांच्या साहाय्याने सिद्ध झालेले ‘लीला : अ पॅचवर्क लाइफ’ हे त्यांचे आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात गोष्टी पुष्कळ आहेत, तक्रार थोडी आहे. स्वतःच्या सौंदर्याचे त्यांना फारसे अप्रूप होते असे ते वाचून वाटत नाही.

सौंदर्यस्पर्धा आणि जाहिराती यांचे आकर्षण आज आपल्या धर्मग्रामांतील घरांपर्यंतही पोहोचले आहे. मुलीचे छायाचित्र चांगले आले की आपण कौतुक करतो. त्यात वावगे काही नाही. लीला नायडू यांची कहाणी अशा मुलींना भीती घालण्यासाठी सांगण्याची मुळीच नव्हे. ती सांगायची पाहणाऱ्यांना. ‘किती सुंदर!’ म्हणून आपण थांबतो, तेव्हा समोरच्या माणसाविषयी जाणून घेण्याचेही आपण थांबवलेले असते. आणि ज्या घरात एके काळी कोणी गात होते, त्या घराने ते गाणे कधी थांबले, हे एकदा तरी आठवून पाहावे. आईला मी त्या दिवशी गायला सांगितले. तिने हसून नाही म्हटले. पुढच्या आठवड्यात स्वयंपाकघरातून तिचा आवाज ऐकू आला. मी आत गेले नाही, दाराशीच उभी राहिले.