पद्मश्रीनंतरची झाडीपट्टी

२०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली आणि पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांना झाडीपट्टी रंगभूमीची आठवण झाली. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचा हा शेतकरी नट. ५००० च्या वर प्रयोग, ८०० च्या आसपास भूमिका, ‘झाडीपट्टीचे दादा कोंडके’ ही उपाधी. बहुतेक बातम्यांत एवढंच होतं. पण खुणे विनोद कसा करतात, वाक्य कुठे तोडतात, प्रेक्षकांतून आलेला शेरा कसा झेलतात, त्यांच्या कोणत्या भूमिका टिकल्या आणि कोणत्या नुसत्या भरीच्या होत्या, यावर दोन परिच्छेदही कुणी लिहिले नाहीत. नटाच्या कामाविषयी न बोलता त्याच्या कामाची संख्या सांगणं हा गौरव खरा, पण त्यात पाहणं नाही. झाडीपट्टीचं दुखणं नेमकं इथे आहे. तिला प्रेक्षक आहे, पैसा आहे, आता पद्म पुरस्कारही आहे. समीक्षा मात्र नाही.

गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांचा धानाचा आणि जंगलाचा पट्टा म्हणजे झाडी. गोंदिया त्यातला उत्तरेकडचा. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झाला. या जिल्ह्याचं नाट्यवेड सगळीकडे सारखं नाही. गोंदिया शहरात हिंदी चालते, तिरोडा-आमगावकडे घराघरांत पोवारी, सालेकसा-देवरीकडे गोंडी आणि छत्तीसगढी. अर्जुनी मोरगाव आणि सडक अर्जुनी हे दक्षिणेकडचे तालुके मात्र पक्के नाटकवाले. अर्जुनीहून रेल्वेने खाली गेलं की वडसा लागतं. गोंदिया-बल्लारशा मार्गावरचं हे स्टेशन आज या रंगभूमीची राजधानी आहे. नाटक कंपन्यांची कार्यालयं, फलक, तारखांच्या वह्या, सगळं तिथेच. दिवाळीच्या सुमारास गावोगावच्या मंडळांचे लोक तिथे जाऊन नाटक ठरवतात, इसार देतात आणि आपल्या मंडईची, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेची, तारीख पक्की करून परततात.

मंडईची रात्र ही या नाटकाची मूळ जागा. हलका धान कापून झालेला असतो, हातात थोडा पैसा असतो, लेकी-जावई भाऊबीजेला आलेले असतात. दिवसा बाजार, कुठे शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, रात्री नाटक. ही साखळी किती घट्ट होती ते २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली तेव्हा कळलं. पटाच्या निमित्ताने जमणारी गर्दी गेली आणि त्या गर्दीच्या आधाराने ठरणारी नाटकंही अडचणीत आली. २०२१ च्या डिसेंबरात न्यायालयाने शर्यतींना सशर्त परवानगी दिली, पण तोवर करोनाचा फटका बसून गेला होता. होळीपर्यंतच्या हंगामावर वर्षभराचं पोट असलेल्या वादकांना, पडदेवाल्यांना आणि नटींना त्या काळात कुणी विचारलं, हा प्रश्न नाट्यव्यवसायाच्या बड्या चर्चांत क्वचितच आला.

आता प्रयोगाकडे येऊ. बांधीत किंवा पडीक जागेत माती खणायची, त्या मातीचा मंच करायचा, खणलेल्या उतारावर प्रेक्षक बसवायचे, भोवती कनात लावायची. ही जुनी पद्धत आजही पूर्ण गेलेली नाही. समोर मंचाला लागून ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड. मागे रंगवलेले पडदे. वरून लोंबणारे माईक. नाटक रात्री दहाच्या पुढे सुरू होतं आणि झुंजुमुंजू होईस्तोवर चालतं. या अभिनयाला शहरी पाहुणे ‘भडक’ म्हणून मोकळे होतात. पण या भडकपणामागे त्या लोंबत्या माईकचा हिशेब आहे. नटाला बोलायचं तर माईकखाली यावंच लागतं, म्हणून हालचाली ठरावीक रेषांत होतात. समोर दोन-तीन हजार माणूस बसलेलं असतं, तेव्हा डोळ्यांचा अभिनय मागच्या रांगेला दिसत नाही. हात दिसतात आणि आवाज पोचतो. शिवाय गाणं नटालाच प्रत्यक्ष म्हणावं लागतं. मुंबईच्या व्यावसायिक नाटकातून गाणारा नट जवळजवळ हद्दपार झाला. झाडीत तो अजून पोट भरतो आहे. संगीत नाटकाचा वारसा कुठे उरला म्हणून हळहळणाऱ्यांनी एकदा अर्जुनीकडे यावं.

अर्थात माईक सगळं झाकत नाही. कंपनीतले नट वेगवेगळ्या गावांहून संध्याकाळी एकत्र येतात आणि तालमीविना मंचावर चढतात. विंगेतला प्रॉम्प्टर त्यांना रात्रभर वाक्यं पुरवतो. कसबी नट यातूनही चमत्कार करतो. प्रॉम्प्टरचं वाक्य कानात पडतंय तोवर आधीच्या वाक्यावरची प्रतिक्रिया तो लांबवतो, आणि तीच लांबण प्रेक्षकांना भावते. पण सामान्य नटाच्या हाती याचं ठरावीक मसाल्यात रूपांतर होतं. खलनायक म्हणजे गडगडाटी हसू, आई म्हणजे हुंदका, नायिका म्हणजे पदर. पात्र कोण आहे याने काही फरक पडत नाही, कारण पात्र समजून घ्यायला वेळच मिळालेला नाही. एका रात्रीत एक गाव, दुसऱ्या रात्री पन्नास मैलांवर दुसरं. मध्ये झोप टेम्पोतली. हा दोष नटाचा कमी आणि व्यवहाराचा जास्त.

हा व्यवहार नेहमी असा नव्हता. पूर्वी गावातलीच पोरं नाटक बसवत. महिनाभर तालमी चालत, शिक्षक किंवा कोतवाल दिग्दर्शक होई, स्त्रीभूमिकेसाठी तेवढी नटी बाहेरून येई. नाटक साधारणच व्हायचं, पण गावातल्या पाच-पन्नास माणसांना नाटक आतून कळायचं. आता मंडळ पूर्ण नाटक विकत घेतं आणि तिकिटं विकून पैसे उभे करतं. दर्जा वाढला, दिवाबत्ती सुधारली, नटांना मानधन मिळू लागलं. गाव मात्र मंचावरून उतरून खुर्चीत जाऊन बसलं. या बदलाचं कौतुकच फार झालं आहे. त्याची किंमत कुणी मोजलेली नाही.

सगळ्यात मोठं खटकणं भाषेचं आहे. झाडीबोलीचा अभ्यास आणि तिच्या साहित्याची चळवळ डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी उभी केली; दंडार या इथल्या लोकनाट्यावर त्यांनी मूलभूत काम केलं. ज्या पट्ट्याच्या नावाने ही रंगभूमी ओळखली जाते त्याच पट्ट्याची बोली तिच्या मंचावर कुणाच्या तोंडी असते? विनोदी गड्याच्या. नायक पुस्तकी मराठी बोलतो, पाटील पुस्तकी बोलतो, कलेक्टर तर बोलतोच; झाडीबोली आली की प्रेक्षकांनी हसायचं असा अलिखित करार आहे. प्रेक्षकांतली आई रडते ती झाडीत, मंचावरची आई रडते ती सदाशिव पेठेत. या रंगभूमीचा खरा न्यूनगंड तो हाच, आणि तो मुंबईने लादलेला नाही, इथल्याच लेखकांनी अंगावर घेतलेला आहे.

लेखकांत अपवाद आहेत. नवरगावचे सदानंद बोरकर यांनी शेतकरी आत्महत्येचा विषय झाडीच्या मंचावर आणला. अनिरुद्ध वनकर यांचं ‘घायाळ पाखरा’ गाजलं. गायक आणि प्रबोधनकार म्हणून त्यांना मिळालेला प्रेक्षक ते नाटकाकडे वळवू शकले. या दोघांनी दाखवून दिलं की रात्रभर बसणारा प्रेक्षक गंभीर विषयालाही बसतो. पण फलकांवरून नजर फिरवली तर कुंकू, सौभाग्य, बहीण-भाऊ आणि सासुरवास यांची तीच ती शीर्षकं दिसतात, आणि प्रवेशांच्या मध्ये कथेशी संबंध नसलेला नाच घुसतो. तिकिटासाठी तो घालावा लागतो, असं निर्माते म्हणतात. गंमत अशी की बोरकर-वनकरांच्या नाटकांना प्रेक्षक कमी पडल्याचं कुणी म्हणत नाही. २०२२ साली आलेल्या तृशांत इंगळे यांच्या ‘झॉलीवूड’ या चित्रपटाने या दुनियेची धावपळ बाहेर नेली. मात्र शहराने त्यातली मौज घेतली आणि तिथेच विषय संपवला.

शहराची ही नजर कशी घडली ते पाहायला मुंबईकडे वळू. तिथे नरिमन पॉइंटवर १९६९ साली स्थापन झालेलं राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्र, म्हणजे एनसीपीए, आहे. जमशेद भाभा आणि जे. आर. डी. टाटा यांच्या पुढाकारातून ते उभं राहिलं. १९८० साली उघडलेलं तिथलं टाटा थिएटर फिलिप जॉन्सन या अमेरिकी वास्तुरचनाकाराने योजलं; ध्वनीची योजना अशी की माईकशिवाय कलावंताचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जावा. तिथे बसून ऐकण्याचं सुख मोठंच आहे. पण राष्ट्रीय म्हणवणाऱ्या अशा वास्तूंनी नाटकाकडून काय अपेक्षा करायची हेही नकळत ठरवून टाकलं. प्रेक्षक अंधारात गप्प, नाटक दोन-अडीच तासांत आटोपतं, पोर रडलं तर बाहेर न्यायचं. या साच्यात झाडीचं नाटक बसवायचं तर त्याचे आठपैकी सहा तास कापावे लागतील, आणि उरेल तो झाडीपट्टीचा नमुना.

असे नमुने दाखवण्याचा आपल्याकडे सरावच आहे. नागपूरचं दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र किंवा दिल्लीचे महोत्सव लोककलावंतांना बोलावतात, प्रवासखर्च देतात, मानाने वागवतात. हे चांगलंच. पण गोंदिया-भंडाऱ्याकडची दंडार किंवा खडी गंमत तिथे दहा-पंधरा मिनिटांच्या रंगीत तुकड्यात उरकते. खडी गंमतीचा जीव शाहिरांच्या सवाल-जवाबात आहे. एकाने रात्री अकराला टाकलेल्या कोड्याचं उत्तर दुसऱ्याने तीनला द्यायचं, तोवर नाच्या आणि ढोलकीने माणूस धरून ठेवायचा. पंधरा मिनिटांत फक्त फेटे दिसतात. दंडारीतूनच झाडीचं नाटक उगवलं असं अभ्यासक मानतात, पण तरुण नटांपैकी किती जणांनी पूर्ण दंडार पाहिली असेल याची शंका आहे.

एनसीपीएच्याच इतिहासात मात्र दुसरी एक वाटही आहे. पु. ल. देशपांडे तिथे मानद संचालक होते, अशोक दा. रानडे यांनी तिथे संशोधनाचं काम केलं. दोघांनाही लोकसंगीत आणि नाट्यसंगीत यांची जाण होती आणि ध्वनिमुद्रण जपण्याचं मोलही कळत होतं. ही परंपरा झाडीकडे वळायला हवी होती. आजही झाडीपट्टीच्या नाटकाच्या बहुतेक संहिता प्रॉम्प्टरच्या वहीत असतात आणि हंगाम संपला की वही हरवते. अखंड रात्रीच्या प्रयोगाचं, प्रेक्षकांच्या आवाजासकट केलेलं, नीट नोंदवलेलं मुद्रण कुठल्या सरकारी किंवा खासगी संग्रहात सहज मिळत नाही. यूट्यूबवर तुकडे आहेत, तेही बहुतेक नाचाचे.

आणि नाटकाचं राष्ट्रीय केंद्र शहरातच असावं लागतं हे तरी कुणी सांगितलं? आमगावजवळच्या पदमपूरला संशोधक वा. वि. मिराशी यांनी भवभूतीचं पद्मपूर मानलं. आमगावात भवभूतीच्या नावाचं महाविद्यालय आहे. आठव्या शतकातल्या या नाटककाराची तिन्ही नाटकं, त्यांच्या प्रस्तावना सांगतात त्याप्रमाणे, कालप्रियनाथाच्या यात्रेत सादर झाली. म्हणजे ‘उत्तररामचरिता’सारखं नाटक यात्रेच्या गर्दीसाठीही होतं. त्या गर्दीला ते झेपेल असा विश्वास लेखकाला होता. दाद न देणाऱ्या जाणकारांवर त्याने ‘मालतीमाधवा’त राग काढला तो वेगळाच. झाडीच्या आजच्या लेखकाने भवभूतीकडून तेवढा विश्वास घ्यावा: मंडईच्या माणसाला कमी लेखू नये, आणि त्याच्या बोलीला तर मुळीच नाही.

विद्यापीठांनी, एनसीपीएने किंवा राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने झाडीच्या मंडळींना पाहुणे म्हणून बोलवत राहावं. पण त्याआधी एक पूर्ण हंगाम दोन माणसं वडशाला ठेवावीत. एकाने मुद्रण करावं, एकाने संहिता गोळा कराव्यात. नागपूरच्या वर्तमानपत्रांनी दिवाळी ते होळी दर आठवड्याला झाडीच्या एका प्रयोगाचं परीक्षण छापावं, जसं ते सिनेमाचं छापतात. वाईट नाटकाला वाईट म्हणावं आणि नटाचं नाव घेऊन त्याचं काम कसं झालं ते सांगावं. आणि ज्या वाचकाने अजून हे नाटक पाहिलं नाही त्याने डिसेंबरात गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी गाडी धरावी, अर्जुनीला उतरावं, फलकावरचं गाव शोधावं, सोबत चादर न्यावी आणि मध्यंतराला उठू नये.