पाँ द्यु गार : उंचीचे कौतुक आणि उताराचे गणित

दक्षिण फ्रान्समधल्या पाँ द्यु गार या रोमन जलसेतूवरचे लेखन बहुधा उंचीपासून सुरू होते. गार्दों नदीवर कमानींचे तीन मजले, सुमारे ४९ मीटर उंची, खालच्या दोन मजल्यांत चुन्याविना बसवलेले, काही तर सहा टनांचे दगड. हे सारे खरे आहे. पण एवढ्यावर थांबणारे कौतुक अपुरे आहे.

हा पूल एका लांब कालव्याचा छोटासा तुकडा होय. युझेसजवळच्या झऱ्याचे पाणी नेमाउसुसला, म्हणजे आजच्या नीम शहराला, आणण्यासाठी इसवी सनाच्या पहिल्या शतकात तो कालवा बांधला गेला. सरळ अंतर सुमारे २० किलोमीटर. पण डोंगरांना वळसे घालणारा कालवा सुमारे ५० किलोमीटरचा. एवढ्या लांबीत एकूण उतार जेमतेम साडेबारा मीटर, म्हणजे किलोमीटरला सरासरी २५ सेंटिमीटर. आणि पातळी मोजायला साधने कोणती? ओळंबे, आणि व्हिट्रुव्हियसने वर्णिलेले, पन्हळीत पाणी भरून पाहण्याचे वीस फुटी लाकडी मेज.

त्यातही उतार सर्वत्र सारखा नाही. पुलाच्या अलीकडे तो जास्त आहे, पलीकडे फारच कमी. पाणी आधीच खाली उतरवून घेतल्याने पुलाची उंची काही मीटरने वाचली. ज्या उंचीपुढे प्रवासी थक्क होतात, ती कमी व्हावी म्हणूनच बांधणाऱ्यांनी हा हिशेब मांडला होता!

त्याची किंमत पुढच्या टप्प्याला मोजावी लागली. तिथे चुकीला वाव उरला नाही. शिवाय पाणी चुनखडीच्या प्रदेशातले; क्षारांचे थर साचून पाट अरुंद होत गेला. रोमन सत्ता खिळखिळी झाल्यावर निगा सुटली आणि कालांतराने पाणी थांबले.

पूल मात्र वाहतुकीला उपयोगी पडला म्हणून टिकला. १७४३ ते १७४७ या काळात त्याला लागूनच रस्त्याचा पूल बांधला गेला. पुढे त्याचे श्रेय अनेक वर्षे ऑगस्टसचा जावई अग्रिप्पा याला दिले जाई; उत्खननानंतर बांधकाम बरेच नंतरचे, इ. स. ४० ते ६० च्या सुमाराचे मानले जाते. भव्य वास्तूला मोठे नाव चिकटवण्याची ही खोड उंचीच्या कौतुकाचीच बहीण आहे.

१९८५ पासून हा पूल जागतिक वारसा आहे. दगड हजारो वर्षे उभे राहतात; पाणी मात्र कोणी पाटात उतरून थर खरवडत राहील, तोवरच वाहते. रोमनांचे स्थापत्य जोखताना ही दुसरी मेहनतही हिशेबात धरायला हवी.