कॅप्लन-मायर आलेख आणि लूसीचा उपसंहार

पॉल कलानिथी यांचं 'व्हेन ब्रेथ बिकम्स एअर' (2016) आम्हा संशोधकांना आवडतं ते त्यातल्या कॅप्लन-मायर आलेखाच्या चर्चेमुळे. 1958 साली मांडलेली ही पद्धत अमुक महिन्यांनंतर किती टक्के रुग्ण हयात असतील याचा अंदाज देते. समजा, मध्यक 12 महिने आला. म्हणजे निम्मे रुग्ण त्याआधी जातात, निम्मे त्यानंतरही असतात. आपलं माणूस कोणत्या निम्म्यात, हे आलेख सांगत नाही.

2013 मध्ये पॉलना फुप्फुसाचा कर्करोग निघाला. गोळ्यांनी गाठी आटोक्यात आल्या, ते पुन्हा शस्त्रक्रिया करू लागले आणि मग आजार उलटला. हे सगळं पुस्तकात छान उतरलंय, पण पॉलच्या नजरेतून. त्यांची पत्नी लूसी, स्वतःही डॉक्टर. मूल होऊ द्यायचं का, हे ठरवताना तिला दोन्ही भविष्यांचा विचार करावा लागला: तो असेल तर, आणि नसेल तर. 2014 मध्ये मुलगी झाली, मार्च 2015 मध्ये पॉल गेले.

लूसीचा उपसंहार लोक रडवणारा शेवट म्हणून वाचतात. मला तो पुस्तकातला सगळ्यात उपयोगी भाग वाटतो. श्वास घेणं जड झाल्यावर नळी घालायची की नाही, हे पॉलनी ठरवलं आणि ती सोबत राहिली. 'किती महिने?' याचं उत्तर कुणाकडेच नसतं. 'असं झालं तर तुला काय हवंय?' हे मात्र जोडीदाराला वेळेत विचारता येतं.