गुणांकनातील बेघर : ‘ऑटोमेटिंग इनइक्वॅलिटी’ या ग्रंथाची चिकित्सा

सामाजिक गृहनिर्माणातील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नैतिकतेचा विचार करताना व्हर्जिनिया युबँक्स यांचा ‘ऑटोमेटिंग इनइक्वॅलिटी’ (२०१८) हा ग्रंथ टाळून पुढे जाता येत नाही. त्यातील तीन अभ्यासांपैकी लॉस एंजेलिसच्या बेघरांविषयीचा भाग प्रस्तुत लेखापुरता महत्त्वाचा आहे.

तेथील समन्वित प्रवेश व्यवस्थेत बेघर व्यक्तीकडून ‘व्हीआय-एसपीडीएटी’ ही प्रश्नावली भरून घेतली जाई. गुण ० ते १७. ० ते ३ गुणांना निवाससाहाय्य नाही, ४ ते ७ गुणांना ठरावीक मुदतीचे भाडेसाहाय्य, ८ व त्यापुढे कायमस्वरूपी साहाय्यित निवासाची शिफारस. वस्तुतः ही साधी बेरीज होय. तिला ‘बुद्धिमत्ता’ म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. तथापि माणसांची क्रमवारी लावण्यास बेरीजही पुरेशी होते.

प्रश्नांचे स्वरूप पाहावे. स्वतःला इजा करण्याचा प्रयत्न केला काय, मारहाण झाली काय, पैशासाठी शरीरसंबंध ठेवले काय? दुःख जितके अधिक तितके गुण अधिक, आणि ते परक्यापुढे उघड केल्याशिवाय गुण नाहीत. ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही, त्याने अशा नोंदीस दिलेली संमती स्वेच्छेची कशी मानावी? लेखिकेने स्किड रो व दक्षिण लॉस एंजेलिस येथील बेघरांच्या अनुभवांतून हा पेच उभा केला आहे; ग्रंथाचे खरे सामर्थ्य तेथेच आहे.

‘डिजिटल पुअरहाऊस’ हे तिचे मध्यवर्ती रूपक मात्र अपुरे वाटते. एकोणिसाव्या शतकातील दरिद्रगृहात, कितीही अपमानास्पद असले तरी, छप्पर होते. येथे अनेकांनी सारी माहिती दिली, पण घर मिळाले नाही. शिवाय या व्यवस्थेचे निर्माते सद्हेतूने वागत होते, हे लेखिकाही मान्य करते. अपुऱ्या घरांचे वाटप कोणत्याही गुणांकनाने न्याय्य होत नाही, हा मुद्दा रूपकाच्या छायेत काहीसा झाकोळतो.

समारोपात तिने साधनांसाठी दोन कसोट्या सुचविल्या आहेत : त्याने गरिबांचे स्वनिर्णयाचे सामर्थ्य वाढते काय, आणि गरीब नसलेल्यांवर तेच साधन वापरले तर ते सहन केले जाईल काय? दुसरी कसोटी अधिक धारदार आहे. घरासाठी बँकेकडे कर्ज मागणाऱ्यास असे प्रश्न विचारण्याचे धाडस कोण करील?

२०२० च्या अखेरीस या प्रश्नावलीच्या सहनिर्मात्या ऑर्गकोड संस्थेनेच ती टप्प्याटप्प्याने बंद करण्याची भूमिका घेतली. पण साधन मागे घेतल्याने आधी भरून घेतलेली उत्तरे पुसली जात नाहीत. ती कोणी, किती काळ जपावीत, याचे उत्तर या दोन्ही कसोट्यांत सापडत नाही.