अजिंठा आणि दरबारी शास्त्र

औरंगाबाद (हल्लींचें छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यांतील अजिंठ्याच्या चित्रांवर गुलाम याझदानी यांनीं चार भागांत सिद्ध केलेला ग्रंथ (१९३०–५५) आम्हीं नुकताच पुन्हां चाळला. निजाम सरकारच्या खास अधिकारानें तो प्रसिद्ध झाल्याचा उल्लेख शीर्षपृष्ठावरच आहे. १९१४ त निजामानें पुराणवस्तुखातें काढून याझदानींस प्रमुख नेमिलें व द्रव्य पुरविलें. तें नसतें तर हा ग्रंथ झालाच नसता, हें प्रथम नमूद करणें न्याय्य होय.

परंतु ज्याच्या हातीं थैली, तोच 'शास्त्रज्ञ कोणास म्हणावें' हेंहि ठरवितो, असें आमचें मत आहे. १९२०–२२ त चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांस पाचारण झालें. त्यांनीं सुटूं पाहणारे रंगाचे पापुद्रे बसविले, हें उपकारच. पण त्यांचा लाखेचा लेप पुढें काळवंडला, आणि तो उतरविण्यांत भारतीय पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांचीं कित्येक वर्षें गेलीं. लेडी हेरिंगहॅम यांच्यासाठीं १९०९–११ त चित्रांच्या नकला उतरविण्यांत साहाय्य करणारे हैदराबादचे सय्यद अहमद पुढें लेण्यांचे रक्षक झाले. त्या भिंतींचा एवढा सहवास दुसऱ्या कोणास होता? तरी त्यांची गणना चित्रकारांत. शास्त्र मात्र परदेशांतून मागविलें गेलें!

२०२३ च्या कायद्यानें निघालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठीं पांच वर्षांत ५०,००० कोटी रुपये योजिले असून त्यांतील मोठा वांटा खासगी दात्यांकडून अपेक्षित आहे. जुना लेप तसूतसूनें खरवडणाऱ्या रसायनज्ञास हे दाते कोणत्या सदरांत घालणार, तें आम्ही पाहूं.