डायलिसिस आणि कुपोषण : २३ हा आकडा कुणाचा?

डायलिसिसवरच्या रुग्णांच्या कुपोषणावर सिनॉप्सिस लिहायला घेतला की दोन साधनं हमखास समोर येतात. एक, डेनिस फूक आणि सहकाऱ्यांनी २००८ साली 'किडनी इंटरनॅशनल'मध्ये मांडलेले 'प्रोटीन-एनर्जी वेस्टिंग'चे निकष. दुसरं, कलंतर-झादे यांचा २००१ चा मालन्यूट्रिशन-इन्फ्लमेशन स्कोअर, म्हणजे एमआयएस. दोन्ही कामाची आहेत. माझा आक्षेप आहे तो ती जशीच्या तशी उचलण्याला.

२००८ च्या निकषांचे चार गट आहेत : रक्ततपासणी, वजन, स्नायू आणि आहार. त्यातल्या तीन गटांत किमान एकेक निकष लागू पडला की निदान होतं. वजनाच्या गटातला एक निकष म्हणजे बीएमआय २३ पेक्षा कमी. आता इथे थांबा. भारतीयांसाठी २००९ साली ठरलेल्या मर्यादेनुसार २३ पासून 'जास्त वजन' सुरू होतं! निरोगी माणसाने ज्या रेषेखाली राहायचं, त्याच रेषेखाली डायलिसिसवरचा माणूस कुपोषणाच्या यादीत जातो.

हे अगदीच मनमानी नाही. डायलिसिसवर असताना थोडं वजनदार असलेले रुग्ण जास्त जगतात, असं मोठ्या अभ्यासांत दिसलं होतं. शिवाय काही आशियाई लोकांसाठी कमी बीएमआय योग्य ठरू शकतो, ही तळटीप लेखकांनीच दिली आहे. पण तळटीप वाचतो कोण? तक्ता कॉपी होतो, टीप मागे राहते.

एक काल्पनिक रुग्ण घेऊ. उंची १६२ सेमी, डायलिसिसनंतरचं वजन ५९ किलो, बीएमआय २२.५. २००८ च्या निकषात तो बसतो. एमआयएसमध्ये मात्र बीएमआय २० च्या वर असला की शून्य गुण, म्हणजे या बाबतीत सगळं ठीक. आणि त्याचंच वजन डायलिसिसच्या आधी, अंगात अडीच किलो पाणी असताना घेतलं तर? बीएमआय २३.४. आता तो भारतीय मर्यादेनुसार चक्क जाड! माणूस तोच, फक्त मधले चार तास गेले.

अल्ब्युमिनचंही तसंच. ३.८ ही मर्यादा ब्रोमोक्रेसॉल ग्रीन पद्धतीसाठी आहे. ब्रोमोक्रेसॉल पर्पल वापरणाऱ्या लॅबमध्ये त्याच रक्ताचा आकडा कमी येऊ शकतो. शिवाय अल्ब्युमिन इन्फेक्शनमध्येही उतरतं, मग जेवण नीट असो वा नसो. एमआयएसमधला टीआयबीसी आणखी फसवा : कुपोषणात तो घटतो, लोहाच्या कमतरतेत वाढतो. दोन्ही एकत्र असतील तर एक दुसऱ्याला झाकू शकतं. आपल्याकडे अशा रुग्णांची वाण नाही.

म्हणून सिनॉप्सिसमधला मेथडचा भाग लिहिताना वजन डायलिसिसनंतरचंच घ्या, लॅबची पद्धत नोंदवा, आणि २३ सोबत स्थानिक मर्यादा लावूनही निकाल काढून बघा. दोन्हींत किती फरक पडतो, हा स्वतंत्र निष्कर्षच आहे.

सगळ्यात कच्चा दुवा आहाराचा. २०२० च्या केडीओक्यूआय मार्गदर्शनानुसार या रुग्णांना रोज दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे आपल्या रुग्णाला ५९ ते ७१ ग्रॅम. दुसरीकडे पोटॅशियम-फॉस्फरसच्या भीतीने डाळ-दूध कमी झालेलं असतं. उरणहून नवी मुंबईत डायलिसिसला येणाऱ्याचा तो दिवस चहा-बिस्किटांवर निघू शकतो, त्यामुळे डायलिसिसचा आणि घरचा असे दोन्ही दिवस विचारा. आणि नुसतं 'एक वाटी आमटी' लिहून पुढे जाऊ नका. त्या वाटीत डाळ किती आणि पाणी किती, हे घरी स्वयंपाक करणाऱ्यालाच विचारावं लागतं.